रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालू

(तळा येथे एका जुन्या डॉक्टरांच्या स्मृत्यर्थ भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "ज्या दुखण्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात, त्यांच्यावर बोलेन." पलीकडचे गृहस्थ जरा थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, शुगरवर बोललात तर माणसं जास्त येतील." शुगरवर बोलणारे पुष्कळ आहेत. शिवाय शुगरला आकडा आहे, आणि आकडा असलेल्या आजाराला वकील लागत नाही. ज्याला आकडा नाही, एक्स-रेवर डाग नाही, सोनोग्राफीत गाठ नाही, त्या दुखण्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. ज्या डॉक्टरांची आठवण म्हणून आपण जमलो आहोत, त्यांच्या दवाखान्याच्या बाकड्यावर अशी दुखणी घेऊन बसलेली माणसं रोज असायची. तुमच्यातले काही जण तिथे बसलेलेही असतील.

ही दुखणी कोणती, ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. अंग मोडून येतं. छातीत धडधडतं. पोटात गोळा फिरतो. डोकं जड होतं, हातापायांना मुंग्या येतात, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, रात्री झोप नाही आणि सकाळी अंग उठायला तयार नाही. चाळिशी ओलांडलेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. ती खरी कुणी एक नाही. माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून गेलेल्या अनेकींची मिळून ती झाली आहे, तेव्हा कुणी शेजारणीकडे पाहू नये. नवरा मुंबईला, मुलगाही मुंबईला. घरी सासू, दोन गुरं, आणि भाताचं शेत. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत माणगावचे रक्ताचे रिपोर्ट, रोह्याची सोनोग्राफी, मुलाकडे गेली होती तेव्हा मुंबईला काढलेला ईसीजी आणि डोक्याचा सीटी स्कॅन. सगळं नॉर्मल. त्या स्कॅनपायी एक म्हैस विकली गेलेली. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी ऐकलेलं एकच वाक्य : "तुम्हाला काही झालेलं नाही." ती घरी येते आणि घरचे तेच वाक्य तिच्या अंगावर टाकतात. डॉक्टर म्हणाले काही नाही, मग कण्हतेस कशाला?

माझं आजचं भांडण या वाक्याशी आहे. "आमच्या तपासात काही सापडलं नाही" हे बोलायचा डॉक्टरला अधिकार आहे, कारण ते त्याच्या तपासाबद्दल आहे. "तुम्हाला काही झालेलं नाही" हे रोग्याबद्दल आहे, आणि पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. आम्ही मात्र ती रोज मारतो.

आणि ही दुखणी काही अपवादात्मक नाहीत. क्रोएन्के आणि मँगल्सडॉर्फ या दोन अमेरिकन संशोधकांनी एका बाह्यरुग्ण विभागातल्या हजार रुग्णांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या. छातीत दुखणं, थकवा, चक्कर, डोकेदुखी, कंबरदुखी, धाप, झोप न लागणं अशा नेहमीच्या चौदा तक्रारी त्यांनी धरल्या. त्यांतल्या जेमतेम १६ टक्के तक्रारींच्या मुळाशी शरीरातला ठरावीक आजार सापडला. १९८९ साली हे छापून आलं. सगळी यंत्रं हाताशी असलेल्या देशातली ही गत. म्हणजे कारण न सापडणं हाच आमच्या धंद्यातला रोजचा अनुभव आहे, आणि त्याचं काय करायचं हे वैद्यकीय कॉलेजात कुणी फारसं शिकवत नाही.

इथून मांदाडच्या बाजूला कुडा लेणी आहेत. तुमच्यातले पुष्कळ जण लहानपणी तिथे सहलीला गेले असतील. त्यांतलं एक लेणं सोमदेव नावाच्या वैद्यानं दान दिलेलं आहे, तसा ब्राह्मी लेख तिथे आहे. त्याचा बाप इसिरखित, तोही वैद्य. लेखात मुलांची नावं आहेत आणि, मला विशेष आवडतं ते हे, चार मुलींचीही नावं आहेत : इसिपालिता, पुसा, धम्मा आणि सपा. डोंगरात लेणं कोरून द्यायला पैसा लागतो, तेव्हा या घराण्याची प्रॅक्टिस बरी चालत असणार. सोमदेवाकडे ना रक्ततपासणी होती, ना फोटो काढायचं यंत्र. त्याच्या लेखी बहुतेक सगळीच दुखणी न सापडलेली. तरी माणसं त्याच्याकडे जात होती. तपासणीच्या कागदाखेरीज वैद्याकडे देण्यासारखं काहीतरी असतं, आणि आपल्या तालुक्यात ते दिलं जात होतं, एवढीच नोंद मी करतो आणि पुढे जातो.

आता महाराष्ट्रातला आणि गोव्यातला असे दोन अभ्यास तुमच्यापुढे ठेवतो. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. आमचे लोक सोयीप्रमाणे त्यातला एकच वाचतात.

पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायका नव्हेत, गावातल्या बायका. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, कंबर धरते, अशा तक्रारी त्यांतल्या ५५ टक्के जणींनी सांगितल्या. प्रत्यक्ष तपासल्यावर ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. आणि आयुष्यात कधीतरी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं हा अभ्यास छापला आणि जगभरच्या आरोग्यवाल्यांना बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे बायकांना शरीर असतं हे कळलं. तोवर या सगळ्याला काय म्हणत होते? बायकांचं नेहमीचंच. कारण सापडत नव्हतं असं नाही. कुणी शोधायला गेलंच नव्हतं.

दुसरा गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगात' या संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी १८ ते ५० वयाच्या २,४९४ बायकांची पाहणी केली. सतत थकवा असल्याचं सांगणाऱ्या १२.१ टक्के निघाल्या. आता आपण कुणीही काय म्हणू? रक्त कमी असेल. त्यांनीही रक्त तपासलं. थकव्याचा आणि हिमोग्लोबिनचा संबंध लागला नाही. संबंध लागला तो घरावरच्या कर्जाशी, गेल्या काही महिन्यांत उपाशी राहावं लागण्याशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी, वैधव्याशी किंवा विभक्त राहण्याशी, घरातल्या निर्णयांत शब्द नसण्याशी, आणि मन खचण्याशी. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार १४.५ टक्के जणींनी सांगितली. तिथेही जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी असलेला दुवा घट्ट निघाला. हे निष्कर्ष २००५ साली छापून आले.

एका ठिकाणी तपासलं आणि आजार निघाला. दुसऱ्या ठिकाणी तपासलं आणि संसार निघाला. गडचिरोली सांगते : न तपासता "टेन्शन आहे" म्हणू नका. गोवा सांगतं : तपासून नॉर्मल आलं की फाइल बंद करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, तेव्हा पहिली तपासणी रक्ताची व्हायलाच हवी, लोहाच्या गोळ्या द्यायलाच हव्यात. पण हिमोग्लोबिन बारावर गेलं आणि बाई तशीच थकलेली राहिली, तर गोळ्यांचा ब्रँड बदलून उपयोग नाही. तिच्या घरी काय चाललंय हे विचारण्याची ती वेळ असते.

या दोन्हींखेरीज तिसरी एक शक्यता आहे, आणि तिचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं घामानं भिजत, ओकाऱ्या होत, हातपाय गार पडत आणि छातीत पाणी होऊन दगावत. यावर इलाज नाही असंच तेव्हा धरून चाललेलं होतं. बावस्कर रोग्याच्या खाटेशी बसून राहिले, तासातासाला काय होतं ते लिहून ठेवलं, 'लॅन्सेट'ला कळवलं आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून, चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आणलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज न समजलेलं उद्या समजू शकतं, आणि ते समजून घेणारा माणूस मुंबईच्या मोठ्या इस्पितळातच असतो असं नाही.

म्हणून आमच्या तरुण डॉक्टर मित्रांना, त्यात बीएएमएस-बीएचएमएस आले, कारण खेड्यांतला भार खरं तर तेच वाहतात, माझं सांगणं आहे की सुरुवात नीट तपासण्यानं करा. दुखतं म्हणाली त्या जागेवर हात ठेवा. बाईच्या बाबतीत पडदा ओढा, नर्सला उभं करा, पण साडीवरून पोट चाचपून मोकळे होऊ नका. वजन उतरतंय का, रात्री ताप-घाम येतो का, कुठून रक्त जातं का, दुखण्यानं झोपेतून जाग येते का, एकाच बाजूचा हात किंवा पाय कमजोर झालाय का, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हे सुरू झालंय का, हे प्रश्न चुकवायचे नाहीत. पाठदुखीत मणक्याचा क्षय लपलेला असतो. सुस्तीमागे थायरॉइड असतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली तेव्हा ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं होतं. मुंग्यांची तक्रार आली की ते आठवावं. पावसात चिखलात उतरणाऱ्याला ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोस्पायरोसिस आठवावा. आणि बाईनं "पित्त झालंय, छातीत जळजळतंय, दरदरून घाम फुटला" म्हटलं तर आधी ईसीजी, मग पित्ताची गोळी.

एकदा कुणाच्या फाइलवर मनाचा शिक्का बसला की त्याला पुढे हार्ट अटॅक येणारच नाही, अशा भ्रमात राहू नये. दुसऱ्या बाजूनं, सतत चुकण्याच्या भीतीनं दर महिन्याला स्कॅन काढायचीही गरज नाही. हात लुळा पडणं, झटके येणं यांसारख्या लक्षणांमागे मज्जासंस्थेचा आजार नाही असं ठरवलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करणारे जगभरचे अभ्यास एडिंबरोच्या डॉ. जॉन स्टोन यांनी २००५ मध्ये एकत्र केले. १९५० च्या दशकात असं निदान २९ टक्के वेळा चुकलेलं होतं. १९७० नंतर ते प्रमाण चार टक्क्यांवर आलं. नीट तपासून काढलेला निष्कर्ष बहुधा टिकतो.

तपासणी करायची तर आधी बोलून करावी. "मावशी, हा रिपोर्ट बहुतेक नॉर्मल येईल. तसा आला तर हृदय चांगलं आहे एवढं कळेल, आणि मग छातीत का धडधडतं ते आपण दुसरीकडे शोधू." एवढं आधी सांगितलं तर रिपोर्ट आल्यावर दिलासा मिळतो, असं न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत छातीत दुखणाऱ्या रुग्णांवर दिसून आलंय. न बोलता काढलेला नॉर्मल रिपोर्ट दिलासा देत नाही. गंभीर आजाराची शक्यता मुळात कमी असताना केलेल्या तपासण्यांनी रोग्याची काळजी जवळजवळ कमी होत नाही, असा चौदा चाचण्या एकत्र केलेल्या २०१३ च्या आढाव्याचा निष्कर्ष होता. बाईला वाटतं, यंत्रात दिसलं नाही म्हणजे अजून मोठं यंत्र लागेल. म्हैस जाते ती इथे.

आणि बोलू द्यावं. १९८४ मध्ये अमेरिकेत मोजलं तर रोग्यानं तोंड उघडल्यापासून सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टर त्याला तोडत होते. पुढे स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना सांगितलं, गप्प बसा आणि घड्याळ लावा. माणसं सरासरी ९२ सेकंद बोलली आणि आपण होऊन थांबली. दीड मिनिट. माझ्या दवाखान्यात ओपीडीच्या दिवशी बाहेर किती गर्दी असते ते इथल्या पुष्कळांनी पाहिलंय, त्यामुळे वेळ नाही ही सबब मलाही येते. पण दीड मिनिटाची सबब पटत नाही. आपल्याकडे बाई तिसरी तक्रार म्हणून जे सांगते ते ऐकावं. पहिली गुडघ्याची असते, दुसरी पित्ताची. तिसरी ती उठता उठता सांगते, बहुधा दाराशी.

आता सगळ्यात अवघड भाग. आजार सापडला नाही, मग सांगायचं काय? "मनाचं आहे" म्हणायचं नाही. बाईला ते "खोटं आहे" असंच ऐकू येतं, आणि डॉक्टरच्या मनातही कधी कधी तेच असतं. तिला शरीराची भाषा हवी, आणि ती देता येते, कारण हे सगळं शरीरातच घडत असतं. काळजीत माणूस नकळत भराभर आणि वरवर श्वास घेतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, कॅल्शियमचा समतोल हलतो, आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात. ही कल्पना नाही, रसायनशास्त्र आहे. मान-खांद्याचे स्नायू दिवसभर ताणलेले राहिले तर संध्याकाळी डोकं दुखणारच. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, ते घाबरलं की पोटात गोळा फिरतो. ज्यांना वर्षानुवर्षं दुखतंय त्यांना मी आणखी एक सांगतो : घरात एकदा चोर शिरला की कुत्रं पुढे महिनाभर पाचोळा हलला तरी भुंकतं. भुंकणं खरं असतं, चोर नसतो. तुमच्या नसांचं तसं झालंय. त्यांना मारून गप्प करायचं नाही, हळूहळू सवय मोडायची. हे ऐकून बाई हसते. पहिल्या भेटीत हसली की माझं अर्धं काम झालेलं असतं.

स्पष्टीकरणात औषधाचा गुण असतो, हे मी हवेत बोलत नाही. इंग्लंडमधल्या के. बी. थॉमस नावाच्या फॅमिली डॉक्टरनं १९८७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांचं निश्चित निदान होत नव्हतं असे दोनशे रुग्ण त्यांनी घेतले. काहींना ठामपणे सांगितलं, हे अमुक आहे, काही दिवसांत बरं वाटेल. काहींना सांगितलं, नक्की काय आहे मला कळत नाही. दोन्ही गटांत निम्म्यांना गोळी दिली, निम्म्यांना नाही. गोळी होती बी-वन जीवनसत्त्वाची, नावापुरती. ठाम शब्द ऐकलेल्यांपैकी ६४ टक्के दोन आठवड्यांत बरे झाले, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. गोळी घेणारे ५३ टक्के आणि न घेणारे ५० टक्के, म्हणजे गोळीनं फरक पडलाच नाही. आपल्याकडे याच गटातली, बी-कॉम्प्लेक्सची लाल सुई ताकदीची म्हणून टोचली जाते आणि शब्द मात्र दिला जात नाही.

सुईचा विषय निघाला तर सलाईनबद्दल बोलतोच, रागावू नका. "डॉक्टर, एक बाटली लावा, अंगात जीव येईल." पाचशे मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. ग्लुकोजची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर, पाचेक चमचे. ज्याला उलट्या-जुलाबांनी तोंडानं पाणी घेता येत नाही, त्याचा जीव त्यानं वाचतो. ज्या बाईला चालत येता येतं, तिच्यासाठी ते महागडं सरबत आहे. मग बरं का वाटतं? कारण तासभर पंख्याखाली आडवं पडायला मिळतं, कुणी हाक मारत नाही, कुणीतरी येऊन विचारतं. वर्षात तो एकच तास तिच्या वाट्याला येतो. हे मला दिसतं, आणि म्हणून बाटली मागणाऱ्या बाईला मी हसत नाही. बाटलीत स्टिरॉइड किंवा दुखण्याचं जोरदार इंजेक्शन मिसळून देणाऱ्यांचा मात्र राग येतो. त्यानं दोन दिवस अंग हलकं होतं, आणि वर्षानं हाडं, पोट, मूत्रपिंड यांचं बिल येतं.

आमचे लोक म्हणतात, काय करणार, पेशंटच मागतात. लिव्हरपूलच्या परिसरात ४२० रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या गेल्या. अशा दुखण्यांत तपासणी आणि औषध सुचवणारे बहुतेक वेळा डॉक्टरच होते. रुग्ण त्यापेक्षा कमी वेळा मागत होते. रुग्णांना हवं होतं ते स्पष्टीकरण आणि थोडी साथ. २००५ चा हा अभ्यास वाचल्यापासून "पेशंटच मागतात" हे मी कुणाकडून ऐकून घेत नाही.

भगताकडे जाणाऱ्यांबद्दलही एक शब्द. लोक त्याच्याकडे का जातात? तो वेळ देतो, घरातलं सगळं विचारतो आणि "काही नाही" कधीच म्हणत नाही. इथवर त्याचं काम आमच्यापेक्षा चांगलं आहे. पण त्याच्या स्पष्टीकरणात नेहमी कुणीतरी दोषी लागतं : शेजारीण, भावकी, नवी सून. दुखणं एकीचं आणि शिक्षा दुसरीला. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः एमबीबीएस डॉक्टर होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. कायद्यानं अघोरी प्रकार थांबवता येतात. बाईचं ऐकून घेण्याचं काम कायदा करत नाही, ते आम्हालाच करायचं आहे.

पुरुषांचं थोडक्यात सांगतो. ते दवाखाना रिकामा झाल्यावर येतात आणि "अशक्तपणा" म्हणतात. जरा थांबलं की धातू जाण्याची भीती निघते, किंवा दारू, किंवा सुटलेली नोकरी. धातूच्या या धास्तीला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये वैद्यकीय नाव दिलं. शक्तीच्या गोळ्यांचा सगळा बाजार तिच्यावर उभा आहे.

उपचारांत सगळ्यात कमी वापरलं जाणारं औषध म्हणजे ठरलेली तारीख. "दुखलं तर या" म्हटलं की यायला दुखावंच लागतं. अमेरिकेत १९८६ साली स्मिथ नावाच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं अशी दुखणी घेऊन फिरणाऱ्या रुग्णांच्या फॅमिली डॉक्टरांना नुसतं एक पत्र लिहिलं. दर चार ते सहा आठवड्यांनी बोलवा, प्रत्येक वेळी थोडं तरी तपासा, गरज नसताना चाचण्या आणि अ‍ॅडमिशन टाळा, आणि हे सगळं तुमच्या डोक्यात आहे असं म्हणू नका. त्या पत्रानं रुग्णांवरचा खर्च निम्म्याहून खाली आला आणि कुणाची तब्येत बिघडली नाही. माझ्याकडे अशा बायकांना महिन्याची तारीख दिलेली असते. पहिल्या काही भेटींत दुखण्याबद्दलच बोलतात. नंतर मुलाच्या लग्नाबद्दल. गणपती होऊन चाकरमानी परत गेले की पुढचे पंधरा दिवस गर्दी वाढते, हेही आता मला पंचांगासारखं ठाऊक आहे. झोप न लागणं आणि दुखणं दोन्ही असेल तर रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनची दहा मिलिग्रॅमची गोळी चांगली लागू पडते, नैराश्य असेल तर त्याची औषधं आहेत, आणि चालायला लावणं हेही औषधच आहे. पण शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला "व्यायाम करा" म्हणू नये, तिच्या नजरेतून उतरायला तेवढं पुरतं. तिला विश्रांतीची चिठ्ठी लिहून द्यावी, आणि ती सासूला वाचून दाखवावी.

हे सगळं एकट्या डॉक्टरनं करायचं का? गोव्यात याचाही प्रयोग झाला, त्याचं नाव 'मानस'. बारा सरकारी केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने, २,७९६ रुग्ण. आरोग्याचं कसलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर मुलींना दोन महिने शिकवून समुपदेशक केलं. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी त्यांच्या मदतीनं ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले; जिथे त्या नव्हत्या तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. २०१० मध्ये हे छापून आलं तेव्हा काहींनी त्याला अर्धं अपयश म्हटलं. माझं वाचन वेगळं आहे. वर्षानुवर्षं तोच डॉक्टर, तेच घराणं, नावानिशी ओळख असेल तर त्या मुली जे करत होत्या ते तिथे आधीपासूनच घडत असतं. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांनी ते आयुष्यभर विनापगार केलं. पण असे डॉक्टर आता तालुक्यात टिकत नाहीत, त्यामुळे सरकारी केंद्रांत अशा मुली नेमायला हव्यात. आपल्या आशाताई हे काम उत्तम करतील, त्याचा मोबदला त्यांना वेगळा मिळाला पाहिजे. ही मागणी इथल्या पुढाऱ्यांनी वर न्यावी, ते आज पहिल्या रांगेत आहेत म्हणून बोलतो.

घरच्यांसाठी दोनच विनंत्या. बाई दवाखान्यात आली की तिला आत एकटीला बसू द्या; नवरा किंवा सासू शेजारी असली की तिसरी तक्रार निघत नाही. आणि "डॉक्टर म्हणाले काही नाही" हे वाक्य घरात वापरू नका. डॉक्टर तसं म्हणाले असतील तर परत त्यांच्याकडे पाठवा आणि विचारायला सांगा : मग दुखतं कशानं? हा प्रश्न विचारल्याबद्दल जो डॉक्टर चिडेल, तो बदला.

ज्यांना डॉक्टरकडे जायचीही चोरी आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र लागतो, मराठीतून बोलतात, पैसे पडत नाहीत. दाराशेजारच्या फळ्यावर मी तो खडूनं लिहून ठेवला आहे. जाताना फोनमध्ये घालून घ्या.